निळ्याचं गुलाबी होईपर्यंत

५ मार्च, गुरुवार

माशांच्या टाकीतलं आणखी एक प्रवाळ पांढरं पडलं. टोकाकडून सुरुवात झाली आणि बघता बघता अख्खी फांदी हाडासारखी! वेटिंगरूममध्ये बसलेल्या एका बाईंनी विचारलंसुद्धा — "हे असंच असतं का हो?" दातांच्या दवाखान्यात आजारी टाकी. काय जाहिरात आहे!

अण्णांना खाली बोलावून दाखवलं. सासरे म्हणून नाही, टाकीचे मालक म्हणून. म्हणाले, "पाणी उत्तम आहे. सकाळीच तपासलंय."

जेवताना नवऱ्याने पुन्हा तोच विषय काढला. पाणी आपोआप तपासणारं मशीन. टाकीला लटकवायचं. दर थोड्या वेळाने ते घोटभर पाणी ओढून घेतं, त्यात औषध टाकतं, आकडा दाखवतं, वर फोनवरही कळवतं. गेल्या वर्षीपासून ह्याच्या डोक्यात आहे. "अण्णांची रोजची कटकट तरी वाचेल," म्हणाला.

अण्णा समोरच बसलेले! त्यांनी पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सरकवला, पुन्हा होता तिथे आणून ठेवला.

७ मार्च, शनिवार

कटकट! त्या माणसाची सकाळ आहे ती.

अण्णांनी सगळं आयुष्य रंगाच्या कारखान्यात काढलं. शेड जुळवायचं काम. कोणी भिंतीचा टवका घेऊन आलं की नुसतं बघून सांगायचे — ह्यात काळ्याचा एक थेंब जास्त पडलाय. अजूनही मी एखाद्या पेशंटच्या दाताला कॅप बसवताना अडले की त्यांना खाली बोलावते. माझ्या शेडच्या पट्टीकडे न बघताच म्हणतात, "हा नको, ह्याच्या शेजारचा." आणि तो बरोब्बर जुळतो.

निवृत्त झाल्यावर ही टाकी आणली. घर वर, दवाखाना खाली, त्यामुळे टाकी माझ्या वेटिंगरूममध्ये. रोज सकाळी, पेशंट यायच्या आत, छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घेतात. त्यात आधी रंगाचे थेंब. पाणी निळं होतं. मग सिरिंजने दुसरं औषध थेंब थेंब सोडायचं. निळ्याचं गुलाबी झालं की थांबायचं. किती औषध लागलं त्यावरून पाण्याची अल्कलिनिटी कळते. म्हणजे प्रवाळांना आपला सांगाडा बांधायला पाण्यात किती सामान शिल्लक आहे, ते. कमी असेल तर पूड घालायची.

मग जिन्याखालून आरोळी — "आठ पॉइंट तीन!"

आम्ही उठतोच त्या आरोळीवर.

१० मार्च, मंगळवार

मशीन महाग आहे. नुसती तेवढीच अडचण असती तर बरं झालं असतं.

दिवसभर मन थाऱ्यावर नाही. दोन पेशंटच्या मधे तीनदा टाकीपाशी जाऊन आले. आता जांभळं प्रवाळही फिकट वाटतंय. की मला भास?

१२ मार्च, गुरुवार

दुपारी मत्स्यालयवाल्याकडे गेले. जाडजूड, शांत माणूस, पाठीमागे सगळे त्याला देवमासा म्हणतात. त्याला प्रवाळांचे फोटो दाखवले.

"अल्कलिनिटी पडलीय."

"नाही हो. आठ पॉइंट तीन आहे. रोज तपासतो आम्ही."

"मग हे असं दिसणार नाही." फोटो मोठा करून बघत राहिला. "थोडं पाणी आणून द्या बघू बाटलीत."

मशीनचंही विचारलं. विकायला ठेवलंय त्याने, तरी म्हणाला, "आधी पाणी आणा. मशीन कुठे पळून जात नाही."

१४ मार्च, शनिवार

सहा पॉइंट चार.

त्याने माझ्यासमोर काढलेला आकडा. अण्णांचा सकाळचा — आठ पॉइंट तीन!

वाटलं, आपल्या औषधाची मुदत संपली असेल. त्याच्याकडून नव्या बाटल्या घेतल्या. अण्णा वामकुक्षी घेत होते तेव्हा चोरासारखी खाली उतरले आणि दोन्ही बाटल्यांनी तपासलं. जुन्या आणि नव्या.

सहा पॉइंट चार. सहा पॉइंट चार.

औषध ठीक आहे.

१५ मार्च, रविवार

सकाळी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "काय डॉक्टरीणबाई, आज तपासणी माझी की पाण्याची?" म्हणाले आणि हसले.

थेंब. थेंब. थेंब. पाणी गुलाबी झालं. स्वच्छ गुलाबी, मला खिडकीपासूनसुद्धा दिसलं असतं. त्यांनी बाटली उजेडात धरली. डोळे बारीक केले. "अजून निळंच आहे," स्वतःशी पुटपुटले आणि सोडत राहिले. थेंब. थेंब. पार गडद लालसर झाल्यावर थांबले.

"आठ पॉइंट दोन!"

म्हणजे रोज आकडा खोटाच वर जातोय. त्यामुळे पूड कमी पडतेय. त्यामुळे प्रवाळं उपाशी.

वर येऊन चहा ठेवला, तो उतू गेला. समोर उभी होते तरी!

१६ मार्च, सोमवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा मोकळा झाला. "म्हणून तर म्हणतो, मशीन घे. पाणी सुधारेल. त्यांना उगाच लागेल असं काही बोलायला नको. विषय संपला."

खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं झालं. मशीन टाकीला लागणार, अण्णांचा हात हळूहळू आपोआप सुटणार, कोणाला काही सांगायला नको, विचारायला नको. सगळ्यांची अब्रू शाबूत! दोन पेशंटच्या मधे फोनवरून ऑर्डर देऊनही टाकली.

संध्याकाळी एका काकांची दाढ कोरत होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ओळखीचा, दोन छोटे. अण्णा माझ्या लेकीला, चिंगीला, पोहायला घेऊन निघाले होते. रोजच्यासारखे.

ड्रिल थांबवलं मी. काकांनी डोळे उघडले. त्यांचं तोंड उघडं, माझंही उघडं.

सिग्नल!

हातमोजे काढून फोन लावला. अण्णा गाडी चालवताना फोन घेत नाहीत — एरवी मीच कौतुकाने सांगते हे सगळ्यांना. काकांची दाढ कशी पूर्ण केली मला आठवत नाही. बरी झाली असावी, जाताना हसले.

परत आले दोघं. ओले केस, बिस्किटांचा पुडा, सगळं नेहमीचं. चिंगीला न्हाणीघरात घेऊन गेले आणि अगदी सहज आवाजात विचारलं, सिग्नलला आजोबा काय करतात गं?

"आमचा खेळ आहे ना! मी आधी ओरडायचं — लाल! हिरवा! जो उशीर करेल तो हरला."

"कोण हरतं?"

"आजोबाच हरतात. नेहमी."

१७ मार्च, मंगळवार

आज विचारलं.

आधी आडूनच गेले. शेडच्या पट्ट्या घेऊन वर गेले, म्हटलं, जरा बघता का, ह्या दोघांतला कुठला? म्हणाले चष्मा राहिला खोलीत. चष्मा नाकावर होता.

मग सरळच विचारलं. "अण्णा, गुलाबी दिसतं का तुम्हाला?"

खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, रागावले. मग बोलायला लागले, ते जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसे. "महिना झाला असेल. आधी वाटलं दिवा पिवळा पडलाय. बल्ब बदलला. मग वाटलं काच मळलीय. ती घासली. लाल सगळा राखेसारखा झालाय बघ. तुझी ती साडी, चिंगीची बॅग, सगळं राख."

"सांगितलं का नाहीत?"

"शेडवाला माणूस मी. सांगू काय? रंग दिसेनासे झाले?"

"आणि गाडी?"

आता मात्र माझ्याकडे बघितलं. "सिग्नलला वरचा लाल, खालचा हिरवा. तेवढं कळतं मला." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात — "समोरून ऊन असलं की नाही कळत."

मी किल्ली मागितली नाही. त्यांनीच खुंटीवरून काढली आणि माझ्या हातात दिली.

त्यानंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णांच्या मानेतल्या गाठीचा टीबी निघाल्यापासून गोळ्या चालू आहेत. त्यातली एक गोळी डोळ्यांच्या नसेवर जाऊ शकते — हे कधीतरी वाचलेलं, परीक्षा देऊन विसरलेलं! त्यांच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं म्हणे, डोळ्यांत काही फरक वाटला तर लगेच या. "मला वाटलं, फरक म्हणजे दुखणं," अण्णा म्हणाले.

लगेच फोन केले, टीबीच्या डॉक्टरांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना. दोघांचीही वेळ मिळाली.

१९ मार्च, गुरुवार

ती गोळी बंद. बाकीच्या चालू.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं दाखवली, ज्यात आकडे लपलेले असतात. मला लांबून दिसत होते. अण्णा पानं उलटत होते — "इथे काही नाही. इथेही नाही." शेवटी शेवटी फार विनम्र आवाजात.

डॉक्टर म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस गेले असते तर नुसते रंग नाही, अक्षरंही गेली असती. तुमच्या लक्षात आलं कसं?"

"माशांच्या पाण्यावरून," अण्णा म्हणाले. त्यांना थट्टा वाटली.

रंग परत येतील का? "बऱ्याच जणांचे येतात. काहींचे नाहीत. काही महिने वाट बघायची." गाडी मात्र त्या सांगेपर्यंत बंद.

परत येताना गाडी मी चालवली. अण्णा शेजारी. प्रत्येक सिग्नलला मी थांबले की तेही पाय दाबत होते.

एक गोष्ट मनातून जात नाही. गेल्या वर्षी हा मशीन घे म्हणाला तेव्हाच घेतलं असतं तर? पाणी छान राहिलं असतं. प्रवाळं जांभळी, हिरवी, टवटवीत. अण्णांचे डोळे गेले असते तरी कोणाला पत्ता लागला नसता. आणि परवासुद्धा मी हेच तर करत होते — मशीन लावून सगळं झाकून टाकत होते!

ऑर्डर रद्द केली. चिंगीला पोहायला आता नवराच नेणार, ऑफिसातून लवकर येऊन.

२५ मार्च, बुधवार

पाणी मी तपासते. घाईत. काल सिरिंज पडली, आज रंगच घालायला विसरले आणि पाणी निळं का होत नाही म्हणून बघत बसले. प्रवाळांना काय, दातांसारखी अपॉइंटमेंट थोडीच देता येते!

अण्णा खाली येत नाहीत. वर खुर्ची उचलून खिडकीशी नेतात, परत भिंतीशी नेतात. दवाखान्यात छतातून ऐकू येतं. पेशंट विचारतात, वर काम काढलंय का?

सकाळी आरोळी नाही. सगळे उशिरा उठतो.

२ एप्रिल, गुरुवार

आज अण्णा स्वतः म्हणाले, "ते मशीन मागव."

मी म्हटलं, नको. जमतंय मला.

"तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी." मग समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. हाताने ते रोज तपासणार. खरा आकडा मशीन दाखवणार. दोघांतला फरक म्हणजे त्यांचे डोळे. फरक कमी होत गेला की समजायचं, रंग परत येतायत.

"मी तपासते की तुमच्याबरोबर. मशीन कशाला हवं?"

"तुला माझी दया येईल. आज नाही आली तरी पुढच्या आठवड्यात येईल. मग अर्धा पॉइंट इकडे, अर्धा तिकडे. मशीनला दया येत नाही."

पुन्हा ऑर्डर दिली.

११ एप्रिल, शनिवार

आलं. डब्याएवढं आहे, पाणी ओढताना म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरतं. नवऱ्याने दुपारभर बसून लावलं, फोनला जोडलं, स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

अण्णांनी आधी हाताने तपासलं. मग पडद्यावर बघितलं. मग जिन्याखालून, कित्येक दिवसांनी —

"माझे नऊ! मशीनचे सात पॉइंट दोन!"

आणि हसले. इतका वाईट आकडा इतक्या मोठ्याने! मी जिन्यात उभी राहून डोळे पुसले.

२० एप्रिल, सोमवार

फरक दीड. रोज दोन आकडे ओरडतात, दारात लवकर आलेला एखादा पेशंट दचकतो.

४ मे, सोमवार

फरक एक!! नवरा म्हणतो हवापाणी मानवलं. मी म्हणते गोळीचा असर उतरतोय. अण्णांची दाढी आज गुळगुळीत होती.

९ मे, शनिवार

मेलेल्या फांदीच्या बुडाशी नवं टोक फुटलंय. तांदळाएवढं.

"जांभळं ना?" अण्णांनी विचारलं.

"जांभळंच."

"मला वाटलंच." किती वेळ तिथेच वाकून उभे होते. मला विचारावंसं वाटलं — दिसलं, की वाटलं? नाही विचारलं.

१८ मे, सोमवार

फरक अर्ध्यावर. आता मी टाकीकडे डोकावतही नाही. पेशंटची गर्दी, सुट्ट्यांमुळे शाळकरी मुलंच मुलं, प्रत्येकाची एक किडकी दाढ. आकडे ऐकते आणि हातमोजे चढवते.

तरी एक अस्वस्थता आहे. कशाची, सांगता येत नाही. सगळं सुरळीत चाललं की मला असंच होतं, नवरा म्हणतो. असेल.

२८ मे, गुरुवार

"माझे आठ पॉइंट एक! मशीनचे आठ पॉइंट एक!"

चिंगी टाळ्या पिटत जिना उतरली. नवरा अर्धी दाढी झालेला, साबण लावलेलाच खाली धावला. मीही! अण्णा सिरिंज हातात धरून उभे, वरातीतल्या नवरदेवासारखे लाजलेले.

३० मे, शनिवार

सलग तीन दिवस एकही फरक नाही. कालही आठ पॉइंट एक, आजही.

जेवताना चिंगीनेच काढलं — "मग आता आजोबाच नेणार ना मला पोहायला?" अण्णा ताटाकडे बघत राहिले. नवरा म्हणाला, "हरकत काय आहे? आकडे बोलतायत." मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या पंधरवड्यात आहे, तोवर थांबू. तर तो म्हणाला, "अगं, त्या तरी काय करणार? ठिपकेच दाखवणार. इथे रोज परीक्षा चाललीय."

अण्णा एवढंच म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणतील तसं."

त्या आवाजात इतकी आशा होती, की मी म्हटलं, बरं. सोमवारपासून.

किल्ली पुन्हा खुंटीवर. चिंगीने आजोबांना मिठी मारली. मीच एकटी उठून भांडी घासायला लागले, बाई उद्या येणार होती तरी.

३१ मे, रविवार

दवाखाना बंद, म्हणून टाकीमागची धूळ पुसायला गेले. मशीनमधली औषधाची बाटली कोरडी ठणठणीत. गुरुवारपासून त्याने पाणी ओढलेलंच नाही. पडद्यावर गुरुवारचाच आकडा गोठून बसलाय, आठ पॉइंट एक. बाजूला बारीकसा दिवा आहे, एरवी हिरवा असतो. तो लाल झालाय, आणि अण्णा रोज सकाळी त्याच्या वीतभर अंतरावर उभे असतात. फोनवर सूचना आल्या होत्या. नवऱ्याने मीटिंगमध्ये त्रास नको म्हणून आवाज बंद ठेवलेला.

मी हाताने तपासलं. सात पॉइंट तीन.

अण्णा खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. पडदा समोरच, त्यावर आधी आकडा दिसला की पाणीही तिथेच गुलाबी वाटत असेल.

वर चिंगी उद्याची पोहण्याची पिशवी भरतेय. अण्णा विचारतायत, "पुढे बसणार की मागे?"

उद्या गाडी मी काढणार. आता वर जाते. आधी त्यांच्याजवळ बसते. मग सांगते.